अपडेटनंतर आउटलुक बिघडलं? भांडणारं अ‍ॅड-इन शोधायची रीत

सगळ्यात आधी एक विनंती: अपडेट काढून टाकायच्या फंदात पडू नका. निदान आज तरी नाही.

रात्री सुरक्षा अपडेट बसतं. सकाळी आउटलुक, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्राम, उघडताना लटकतं, किंवा उघडून दोन मिनिटांत आपोआप बंद होतं, किंवा मीटिंग ठरवायचं बटणच वरच्या रिबनवरून गायब झालेलं असतं. पहिला राग अपडेटवर निघतो. माझाही निघायचा. काही वर्षांपूर्वी एका ऑफिसात मी अख्खी दुपार घालवून अपडेट काढलं, संगणक तीनदा बंद-चालू केला, आणि आउटलुक तसंच कोसळत राहिलं. मग कळलं की त्याच रात्री तिथल्या एका अ‍ॅड-इननंही स्वतःला गुपचूप अपडेट करून घेतलं होतं. (अ‍ॅड-इन म्हणजे आउटलुकला जास्तीची सोय देणारा जोडप्रोग्राम.) चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. वर त्या दिवशी संगणक दार सताड उघडं टाकून बसला, ते वेगळंच.

दार उघडं म्हणजे किती उघडं, याचं एक उदाहरण देतो. मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आउटलुकमधली एक त्रुटी बुजवली, क्रमांक सीव्हीई-२०२३-२३३९७. तिच्यात मेल उघडायचीसुद्धा गरज नव्हती. रिमाइंडरच्या आवाजाची फाइल हल्लेखोराच्या सर्व्हरवर आहे असं सांगणारा, मुद्दाम तसा रचलेला मेल यायचा. आउटलुक रिमाइंडर वाजवायला म्हणून त्या सर्व्हरकडे जायचं आणि जाता जाता तुमच्या विंडोज लॉगिनची हॅश, म्हणजे पासवर्डवरून बनलेली सांकेतिक खूण, त्याच्या हाती देऊन यायचं. मीटिंगचं बटण परत यावं म्हणून असली त्रुटी बुजवणारं अपडेट काढणं मला तरी महागाचा सौदा वाटतो.

तर अपडेट राहू द्या. आपण अ‍ॅड-इनच्या मागे लागू.

भांडण नेमकं कशावरून

आउटलुकमध्ये दोन जातीची अ‍ॅड-इन्स असतात, आणि हा फरक कळला की अर्धं निदान तिथेच होतं.

पहिली जात कॉम अ‍ॅड-इन्सची. ही तुमच्या संगणकावर इन्स्टॉल होतात आणि आउटलुकच्या पोटात शिरून, त्याच्याच प्रोसेसमध्ये चालतात. त्यामुळे ती पडली की आउटलुकला घेऊन पडतात. अँटीव्हायरस, पीडीएफ बनवणारी, ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी, जुन्या धाटणीची मीटिंगची अ‍ॅड-इन्स बहुतेक या जातीची. दुसरी जात वेब अ‍ॅड-इन्सची. ती म्हणजे मेलच्या शेजारी उघडणारं एक छोटं वेबपान. ते वेगळ्या कप्प्यात चालतं आणि तुमच्या मेल खात्याला जोडलेलं असतं, संगणकाला नव्हे.

म्हणून माझा अंगठेनियम असा: आउटलुक कोसळतंय, लटकतंय, उघडायला वेळ लावतंय, तर संशय कॉम अ‍ॅड-इनवर. आउटलुक ठणठणीत आहे पण बाजूची चौकट कोरी राहते, पुन्हा पुन्हा साइन-इन मागते, तर संशय वेब अ‍ॅड-इनवर.

आता सुरक्षा अपडेटनंच हे का व्हावं? कारण अ‍ॅड-इन ज्या वाटेनं आत ये-जा करतं, बहुतेकदा हल्लेखोरही त्याच वाटेनं येतो. हे दुखणं जुनं आहे. मे २००० मध्ये आय लव्ह यू नावाचा व्हायरस लोकांच्या अ‍ॅड्रेस बुकमधले पत्ते घेऊन त्या सगळ्यांना स्वतःची प्रत मेल करत सुटला. लगेच जूनमध्ये आउटलुकसाठी सुरक्षा अपडेट आलं: यापुढे कुठल्याही प्रोग्रामनं पत्ते वाचायला किंवा मेल पाठवायला घेतलं, की आधी तुम्हाला विचारणार. व्हायरसला चाप बसला, पण हातातल्या डिजिटल डायरीशी पत्ते जुळवणारी साधीभोळी सॉफ्टवेअरंही अडकली. घडीघडीला परवानगीची चौकट! पुढे सप्टेंबर २०१७ च्या अपडेटनं आउटलुकच्या कस्टम फॉर्ममधली स्क्रिप्ट मुळातच बंद करून टाकली, आणि त्यावर उभे असलेले कितीतरी कचेऱ्यांचे रजेचे नि मंजुरीचे फॉर्म मुके झाले. ही दोन्ही अपडेटं बिघडलेली नव्हती. दार मुद्दाम लावलं होतं.

दार लावल्याखेरीज आणखी दोन कारणं नेहमी भेटतात. अपडेटनंतर एखादं अ‍ॅड-इन सुरू व्हायला जास्त वेळ घेतं आणि आउटलुकच त्याला बाहेर काढतं. किंवा दोन अ‍ॅड-इन्स एकाच क्षणावर टपलेली असतात. पाठवायचं बटण दाबल्यावर एक मेल तपासायला घेतं, दुसरं त्यात सही चिकटवतं. इतके दिवस त्यांचा क्रम योगायोगानं जुळत होता, अपडेटनं तो हलवला.

पायरी १: कागदावर चार ओळी

कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळलं की पुढे आपण काय काय बदललं तेच आठवत नाही.

काय बिघडलं ते एका वाक्यात लिहा. “आउटलुक नीट चालत नाही” असं नको. “उत्तर द्यायला घेतलं की दहा सेकंदांनी बंद होतं” असं लिहा. मग फाइल, ऑफिस अकाउंट, अबाउट आउटलुक इथे जाऊन आवृत्ती, बिल्ड क्रमांक आणि ३२-बिट की ६४-बिट हे उतरवून घ्या. शेवटी अपडेट कोणतं आणि कधी बसलं ते. इथे नवखे लोक हमखास चुकतात. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेटं ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, पण विंडोजचं अपडेट वेगळं आणि ऑफिसचं वेगळं. आजकालचं बहुतेक ऑफिस क्लिक-टू-रन पद्धतीनं, म्हणजे थेट इंटरनेटवरून, बसवलेलं असतं आणि ते आपलं आपण अपडेट होतं. त्याची अपडेटं विंडोजच्या यादीत दिसतच नाहीत. तेव्हा विंडोजची अपडेट हिस्टरी आणि ऑफिस अकाउंट, दोन्हीकडे बघा.

पायरी २: ब्राउझरमधून तेच करून बघा

तोच मेल ब्राउझरमध्ये उघडा आणि तीच कृती करा. तिथे सगळं नीट चाललं तर खातं आणि सर्व्हर निर्दोष; दुखणं तुमच्या संगणकावर आहे. तिथेही एखादी बाजूची चौकट कोरीच राहिली, तर तुमच्या संगणकावर कितीही खटपट करून उपयोग नाही, थेट खाली वेब अ‍ॅड-इनच्या भागाकडे चला.

पायरी ३: सेफ मोड

आउटलुक पूर्ण बंद करा. टास्क मॅनेजर उघडून खात्री करा, कारण खिडकी मिटली तरी आउटलुक कधीकधी मागे जिवंत राहतं. मग कंट्रोल कळ दाबून धरा आणि आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये सुरू करायचं का, अशी विचारणा येईपर्यंत कळ सोडू नका. होय म्हणा.

सेफ मोडमध्ये कॉम अ‍ॅड-इन्स लोड होत नाहीत. आता कागदावरची ती कृती करा, दोनतीनदा करा. नाही बिघडलं? मग अ‍ॅड-इनच आहे, पुढे चला. इथेही तसंच कोसळलं तर अ‍ॅड-इनला मोकळं सोडा. तेव्हा कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसची दुरुस्ती करा: आधी क्विक रिपेअर, त्यानं भागलं नाही तर ऑनलाइन रिपेअर, ज्यात ऑफिस जवळजवळ नव्यानं बसतं आणि इंटरनेट लागतं. तरीही नाही जमलं तर मेलचं नवं प्रोफाइल करून बघा. हा लेख त्या वाटेचा नाही.

पायरी ४: आउटलुकनंच कुणाला हाकललंय का?

बटण गायब होणं हीच तक्रार असेल तर ही पायरी आधी करा. दहा मिनिटांत सुटका होऊ शकते.

आउटलुक २०१३ पासून सुरू होताना प्रत्येक कॉम अ‍ॅड-इनला किती वेळ लागला ते मोजतं. लागोपाठ पाच वेळच्या मोजणीतली मधली संख्या १००० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या वर गेली, की ते अ‍ॅड-इन आउटलुक स्वतःच बंद करतं. कोसळायला कारण ठरलेलं अ‍ॅड-इनही ते बाजूला काढतं. अपडेटनंतरच्या पहिल्या काही दिवसांत संगणक आधीच मंद असतो, त्यात एखादं काठावरचं अ‍ॅड-इन सापडतं.

फाइल, इन्फो या पानावर मंद आणि बंद केलेल्या कॉम अ‍ॅड-इन्सचं बटण दिसतं का बघा. तिथे कारणासकट नाव मिळतं आणि हे अ‍ॅड-इन कायम चालू ठेवा असा पर्यायही. मंदपणामुळे बंद झालं असेल आणि कामाचं असेल तर खुशाल चालू ठेवा. कोसळण्यामुळे बंद झालं असेल तर मात्र जबरदस्तीनं चालू करू नका. आउटलुकनं तुमचं काम करून दिलंय, गुन्हेगार सापडला. याशिवाय फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स इथे खाली मॅनेजच्या यादीत डिसेबल्ड आयटम्स निवडून गो दाबा. तिथेही कुणी कैदेत पडलेलं असू शकतं.

पायरी ५: अर्धी-अर्धी करत शोध

आता खरं काम. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, मॅनेजमध्ये कॉम अ‍ॅड-इन्स निवडा, गो. जी यादी येईल तिचा स्क्रीनशॉट घ्या, कुठे खूण आहे आणि कुठे नाही ते दिसेल असा. खूण काढायची, रिमूव्ह बटणाला हात लावायचा नाही. खूण काढलेलं अ‍ॅड-इन एका क्लिकनं परत येतं, काढून टाकलेलं येईलच असं नाही.

एकेक खूण काढत बसलात तर बारा अ‍ॅड-इन्सना बारा फेऱ्या लागू शकतात. त्याऐवजी निम्म्या खुणा काढा. आउटलुक बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये खात्री करा, पुन्हा उघडा, तीच कृती करा. बिघाड राहिला तर दोषी चालू असलेल्या सहांत आहे. गेला तर बंद केलेल्या सहांत. त्या सहांचे पुन्हा तीन-तीन. बारांतला एक शोधायला चार फेऱ्या पुरतात.

पण भांडण दोघांचं असेल तर ही रीत फसवते. पहिले सहा एकटे चालू: ठीक. दुसरे सहा एकटे चालू: तेही ठीक. सगळे बारा चालू: धडाम. लोक इथे वैतागतात आणि “आपोआप बरं झालं, आपोआप बिघडलं” म्हणून सोडून देतात. खरं तर फार मोलाची माहिती हाती आलेली असते: एक भांडखोर पहिल्या गटात आहे, दुसरा दुसऱ्यात. मग पहिला गट अख्खा चालू ठेवा आणि दुसऱ्या गटाचीच निम्मी-निम्मी करत जा, तिथला एक सापडेल. आता त्या एकाला चालू ठेवून, दुसऱ्या गटातले बाकी बंद करून, पहिल्या गटाची निम्मी करत जा. दुसराही सापडतो. जोडी मिळाली की दोघांपैकी कुणाला घरी बसवायचं ते कामाच्या गरजेवरून ठरवा.

एका फेरीत एकच बदल. मध्येच “हेही एक अपडेट करून टाकू” असा मोह होतो. तो झाला की आधीच्या सगळ्या फेऱ्या पाण्यात.

खूण काढताना एखाद्या वेळी असा संदेश येतो की हे अ‍ॅड-इन संपूर्ण संगणकासाठी नोंदलेलं आहे, त्याची स्थिती बदलता येणार नाही. तेव्हा आउटलुकच्या चिन्हावर उजवी क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, तेवढी खूण काढा आणि बंद करून नेहमीसारखं उघडा. रोजचं काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून करू नका. आणि कचेरीच्या संगणकावर तेही जमत नसेल तर धोरण ठरवून ते अ‍ॅड-इन चालू ठेवलेलं असू शकतं. तिथे आयटीवाल्यांकडेच जायचं.

बिघाड कधीतरीच होत असेल तर

तासाभरातून एकदा कोसळणाऱ्या आउटलुकवर वरची रीत फार वेळ खाते. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरला, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीला, विचारा. स्टार्ट मेनूमध्ये नाव शोधून उघडा, विंडोज लॉग्ज, मग अ‍ॅप्लिकेशन.

तीन क्रमांक लक्षात ठेवा. आउटलुक या स्रोताखालची ४५ क्रमांकाची नोंद: सुरू होताना कोणती अ‍ॅड-इन्स लोड झाली आणि प्रत्येकाला किती मिलिसेकंद लागले, याची यादी. अपडेटच्या आधीच्या दिवसाची आणि आजची अशा दोन नोंदी शेजारी ठेवून वाचा. जो आकडा एकदम फुगलाय त्याच्यावर नजर. ५९ क्रमांक: आउटलुकनं कुणाला बंद केलं ते. आणि अ‍ॅप्लिकेशन एररखालची १००० क्रमांकाची नोंद: प्रत्यक्ष कोसळण्याचा पंचनामा. त्यात फॉल्टिंग मॉड्यूल अशी ओळ असते. तिथे अ‍ॅड-इनच्या फाइलचं नाव असेल तर प्रश्नच मिटला. पण तिथे विंडोजचीच फाइल, म्हणजे एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस, दिसली तर “विंडोजच खराब” असा निष्कर्ष काढू नका. माणूस कुठे पडला ते त्या ओळीत कळतं, ढकललं कुणी ते नाही.

सापडलं, आता पुढे काय

बनवणाऱ्याच्या स्थळावरून त्या अ‍ॅड-इनची ताजी आवृत्ती घ्या. मोठं अपडेट येऊन गेलं की जबाबदार बनवणारे काही दिवसांत सुधारलेली आवृत्ती काढतात, त्यामुळे बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. उतरवून घेताना बिट बघा: ६४-बिट आउटलुकमध्ये ३२-बिटचं कॉम अ‍ॅड-इन लोड होत नाही, आणि उलटही नाही. २०१९ पासून ऑफिस आपणहून ६४-बिट बसतं, म्हणून दुरुस्तीच्या भरात ऑफिस नव्यानं टाकलेल्यांचं जुनं ३२-बिट अ‍ॅड-इन शांतपणे नाहीसं होतं.

त्याच नादात कुणी नवं आउटलुक चालू करून घेतलं असेल तर शोध थांबवा. विंडोजवरच्या नव्या आउटलुकमध्ये कॉम अ‍ॅड-इन्स चालतच नाहीत, फक्त वेब अ‍ॅड-इन्स चालतात. बिघाड नाही, रचनाच तशी आहे. वरच्या कोपऱ्यातलं बटण फिरवून जुन्यात परत या.

बनवणाऱ्याला कळवायचं झालं तर कागदावरच्या चार ओळी, १००० क्रमांकाच्या नोंदीतला मजकूर आणि बिघाड हमखास घडवणारी कृती एवढं पाठवा. “अपडेटनंतर चालत नाही” या तक्रारीला “पुन्हा इन्स्टॉल करून बघा” यापलीकडे उत्तर येत नाही, आणि त्यात चूक त्यांची नसते.

वेब अ‍ॅड-इन असेल तर

इथे सुरक्षेचा बदल तुमच्या संगणकावर झालेलाच नसतो, सर्व्हरवर झालेला असतो. ताजं उदाहरण २०२५ चं. मायक्रोसॉफ्टनं एक्सचेंज ऑनलाइन या आपल्या मेल सेवेतली जुन्या पद्धतीची टोकन्स, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल चिठ्ठ्या, टप्प्याटप्प्यानं बंद केली. त्यांच्यावर विसंबलेली वेब अ‍ॅड-इन्स एका सकाळी मेल वाचू शकेनात, आणि लोक आपापल्या संगणकावर अपडेट शोधत बसले. उपाय बनवणाऱ्याकडे होता: नव्या पद्धतीची ओळख वापरणारी आवृत्ती. तिला बरेचदा संस्थेच्या अ‍ॅडमिनची संमती लागते. तुम्ही करायचं ते एवढंच: अ‍ॅड-इन काढून पुन्हा जोडा, परवानगी मागितली तर ती मागणी अ‍ॅडमिनकडे पोचवा.

अपडेट काढायची वेळ आलीच तर

काम पूर्ण ठप्प आहे, अ‍ॅड-इनशिवाय चालणार नाही आणि बनवणाऱ्याकडे अजून उपाय नाही, अशी वेळ येते. कचेरीत हा निर्णय तुम्ही घेऊ नका, आयटीवाल्यांना घेऊ द्या. स्वतःच्या संगणकावर विंडोजचं अपडेट सेटिंग्जमधल्या अपडेट हिस्टरीतून काढता येतं. क्लिक-टू-रन ऑफिसला मात्र आदेश देऊन मागच्या बिल्डवर न्यावं लागतं, आणि त्यानंतर ऑफिस अकाउंटमधून अपडेटं थांबवली नाहीत तर ते पुन्हा तिथेच येऊन पोचतं. थांबवलीत तर पुन्हा चालू करायची तारीख कॅलेंडरमध्ये घाला. माझ्या पाहण्यात अपडेट “तात्पुरतं” थांबवलेले संगणक वर्ष-वर्ष तसेच राहिलेत.

आउटलुक वापरत नसाल तर

थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये हेल्प मेनूत ट्रबलशूट मोड (आउटलुकच्या सेफ मोडसारखा) आहे. विंडोजवर शिफ्ट कळ दाबून उघडलं तरी तो येतो. अर्ध्या-अर्ध्याची रीत तिथेही जशीच्या तशी. फक्त मोठ्या आवृत्तीच्या उडीला जुनं अ‍ॅड-ऑन कायमचं बाद होऊ शकतं: २०२० च्या ७८ व्या आवृत्तीनं जुन्या घडणीची सगळी अ‍ॅड-ऑन्स बंद केली, आणि एनिगमेल या अ‍ॅड-ऑनचं कूटलेखनाचं काम थंडरबर्डनं स्वतःकडे घेतलं. तसं झालं असेल तर शोधण्यासारखं काही उरत नाही, पर्यायी अ‍ॅड-ऑन बघा.

अ‍ॅपलच्या मेलचंही तेच. मॅकओएस सोनोमापासून, म्हणजे २०२३ पासून, जुनी प्लगिन्स चालत नाहीत. त्यांच्या जागी मेल एक्स्टेन्शन्स आहेत आणि ती मेलच्या सेटिंग्जमध्ये एक्स्टेन्शन्स या पानावर एकेक करून बंद-चालू करता येतात.